वाढत्या अंगाचं डोकं!

दोस्ता, जरा जवळ ये. आणखी जवळ! पण हळू हं. इथे एक बाळ झोपलंय.

आपण आलोय कुंभिवलीला. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. श्रावण लागलाय. बाहेर भाताची खाचरं हिरवीगार झालीत. कौलांवरून पागोळ्या टपटप गळताहेत. आजीनं नुकतंच बाळाला न्हाऊ घातलंय. ती पाटावर पाय लांब करून बसली आहे आणि तिच्या पायांच्या उबदार खोबणीत बाळ गाढ झोपलंय. वय किती? फक्त वीस दिवस!

चौथीतली ताई वाकून बाळाचं जावळ न्याहाळतेय. एकदम ती दचकते.

"आजी! बाळाच्या डोक्यात काहीतरी हलतंय!"

आजी हसते. "अगो बाय, ती टाळू. अजून भरली नाही. तुझीपण अशीच होती!"

काय? भरली नाही? म्हणजे बाळाच्या डोक्याला भोक आहे की काय?

घाबरू नकोस! ही गोष्ट इतकी भारी आहे, की ऐकून तुझा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर जाईल.

शोध बघू कुठे आहे ती

बाळाच्या दोन भुवयांच्या मधून निघू. कपाळ चढून सरळ वर जाऊ. केस सुरू झाले? अजून थोडं वर. थांब! इथेच आहे ती मऊ जागा. इथे हात लावला तर हाड लागत नाही. आसपास कडक, मध्येच मऊ.

तिचा आकार कसा असतो, ओळख. गोल? नाही! चौकोन? जवळ आलास की! अगदी दिवाळीतल्या शंकरपाळीसारखा. दोन-तीन सेंटिमीटरची चिमुकली शंकरपाळी, थेट डोक्यावर!

आता डोक्याच्या मागच्या बाजूला जाऊ. तिथे आणखी एक मऊ जागा असते. ही मात्र इवलीशी, बोटाच्या टोकाएवढी. आणि आकारानं त्रिकोणी, समोशासारखी!

म्हणजे बाळाच्या डोक्यावर मऊ जागा एकूण किती? दोन?

चूक! सहा! हो, सहा! एक पुढे, एक मागे, दोन्ही कानशिलांपाशी एकेक आणि दोन्ही कानांच्या मागे एकेक. बाजूच्या चार अगदी लहान असतात, म्हणून त्या पटकन सापडत नाहीत. आजी जिला 'टाळू' म्हणते ती पुढची, सगळ्यांत मोठी.

डोक्याची गोधडी

पण या मऊ जागा असतातच कशाला? देव घाईत होता का?

आजीची गोधडी आठव. ती काही एका सलग कापडाची नसते. लहानमोठे तुकडे जोडून, टाके घालून ती शिवलेली असते. बाळाच्या डोक्याची कवटीही अशीच तुकड्यातुकड्यांची असते! डोक्याचं छप्पर मोठ्या पाच तुकड्यांचं बनतं. दोन कपाळाचे, दोन डोक्याच्या दोन बाजूंचे आणि एक मागचा.

थांब, थांब. कपाळाचे दोन?

हो ना! ठेव बरं बोट कपाळाच्या मध्यावर, जिथे गंध लावतात तिथे. जन्मलास किंवा जन्मलीस तेव्हा तिथे फट होती! उजवं कपाळ वेगळं, डावं कपाळ वेगळं. बहुतेक बाळांचे हे दोन तुकडे पहिल्या वर्षातच जुळतात. इतके छान जुळतात, की आरशात कितीही शोध, जोड दिसणार नाही.

तुकड्याला तुकडा जिथे भिडतो, त्या रेषेला शिवण म्हणतात. अगदी कपड्याची असते तशी शिवण! आणि दोनपेक्षा जास्त तुकडे जिथे एकत्र येतात, तिथे कोपऱ्यात थोडी जागा उरते. ती जागा म्हणजेच टाळू.

आता कळलं? पण खरी गंमत पुढेच आहे.

कौलं सरकतात तशी हाडं!

तू कधी घट्ट गळ्याचा टी-शर्ट काढला आहेस? डोकं अडकतं, कान ओढले जातात, नाक चपटं होतं! शेवटी एकदाचं डोकं सुटतं.

जन्माला येताना बाळाची अशीच खटपट असते. आईच्या पोटातून बाहेर यायची वाट अगदी अरुंद असते. आणि बाळाचं डोकं हा तर त्याच्या अंगाचा सगळ्यांत मोठा, गोल गरगरीत भाग! ते दगडासारखं कडक असतं तर? वाटेतच अडकलं असतं.

मग बाळ काय करतं? डोकं लहान करतं!

खरंच! कुंभिवलीतल्या या घराच्या छपराकडे बघ. एका कौलाची कड दुसऱ्यावर चढलेली दिसते ना? बाहेर येताना बाळाच्या कवटीचे तुकडेही असेच एकमेकांवर थोडे सरकतात. मध्ये शिवणी आणि टाळू मोकळ्या असतात, म्हणून सरकायला जागा मिळते. डोकं निमुळतं होतं आणि बाळ बाहेर येतं. ट्यँहा!

म्हणूनच काही बाळांची डोकी पहिल्या दिवशी लांबुळकी दिसतात, दुधी भोपळ्यासारखी. भाऊ-बहीण बघायला येतात आणि तोंड पाडतात, "आपलं बाळ असं कसं?" अरे, थोडे दिवस थांबा! तुकडे आपापल्या जागी परत सरकतात आणि डोकं गोल होऊ लागतं. सिझेरियननं जन्मलेल्या बाळाला त्या अरुंद वाटेनं यावंच लागलं नाही, तर त्याचं डोकं पहिल्या दिवसापासून जास्त गोल दिसतं.

काही घरांत डोकं गोल व्हावं म्हणून ते हातानं दाबतात, ओढतात. तसं मुळीच करायचं नसतं. डोक्याला आपलं काम येतं!

शिंपीकाकांची युक्ती

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंपीकाकांना काय सांगते?

"वाढत्या अंगाचा शिवा हो!"

मग शिंपीकाका पँटच्या पायाशी, स्कर्टच्या कडेला कापड आत दुमडून ठेवतात. तुझी उंची वाढली की दुमड उसवायची. झाला गणवेश मोठा!

बाळाचं डोकंही असंच आहे. वाढत्या अंगाचं!

कारण आत जो मेंदू आहे ना, त्याला भयंकर घाई असते. जन्मलेल्या बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. वाण्याकडून पाव किलो साखर आणलीस, तर तिच्याहून बराच जास्त. आणि पहिल्या वाढदिवसाला? दुपटीहून जास्त! पूर्ण वाढलेल्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो, त्यातला निम्म्याहून अधिक मेंदू बाळ पहिला वाढदिवस यायच्या आत तयार करून टाकतं!

टेप घेऊन बघ. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. वर्षानंतर होतो ४५-४६. म्हणजे एका वर्षात ११-१२ सेंटिमीटर वाढ!

आणि आता कान इकडे कर. त्यानंतर अगदी बाबांएवढं मोठं होईपर्यंत डोकं किती वाढतं, माहितेय? सगळी वर्षं मिळून साधारण १० सेंटिमीटर! पहिल्या एका वर्षात जेवढं वाढलं, तेवढंसुद्धा नाही!

मैदानावर सगळ्यांनी हात धरून रिंगण केलं, की नवा गडी आला तर काय करता? एकेक पाऊल मागे सरकता आणि रिंगण मोठं होतं. पण सगळ्यांनी हात बांधूनच घेतले तर? नवा गडी बाहेरच! बाळाच्या कवटीचे तुकडे एकमेकांना धरून असतात, पण बांधलेले नसतात. आत मेंदू वाढतो, तुकडे मागे सरकतात, रिंगण मोठं होतं.

कोकणातल्या नारळाची आठवण झाली ना? नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात. त्यातला एकच मऊ असतो. आणि नेमक्या त्याच मऊ डोळ्यातून कोंब बाहेर येतो! करवंटी असो की कवटी, वाढायचं असेल तर कुठेतरी मऊ राहावंच लागतं.

ते धुकधुक काय?

आता ताईनं पाहिलेली गंमत. बाळ झोपलंय आणि टाळू हळूच वर-खाली, वर-खाली होतेय.

पावसाळ्यात खाचराच्या बांधावर बसलेला बेडूक पाहिलास? त्याचा गळा कसा सारखा धडधडत असतो! टाळू तशीच दिसते. पण बेडकाचा गळा हलतो श्वासामुळे. टाळू हलते कशामुळे?

हृदयामुळे! हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट मेंदूकडे धावते. कडक हाडातून ती दिसत नाही. टाळूला मात्र हाड नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याला ती किंचित उचलली जाते. ताई काय बघत होती? बाळाच्या हृदयाचे ठोके, थेट डोक्यावर!

आणि हे ठोके पडतात किती? जागं असलेल्या बाळाचे एका मिनिटात १२० ते १६०! म्हणजे एका सेकंदाला दोन किंवा त्याहून जास्त. तू पकडापकडी खेळून आल्यावर तुझी छाती कशी धडधडते! बाळाची तशी धडधड सुरूच असते, नुसतं लोळताना!

टाळूला डॉक्टरांच्या पुस्तकात म्हणतात 'फॉन्टानेल'. या शब्दाचा मूळ अर्थ ऐकून तुला फार आवडेल. छोटासा झरा! पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या डोंगरात ठिकठिकाणी झरे फुटतात ना, तसा डोक्यावरचा झरा.

हात लावू का?

ताईनं हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. "मोडली तर?"

नाही मोडणार! टाळूवर नुसती कातडी नसते. तिच्याखाली एक चिवट पडदा असतो. ढोलकीचं पान कसं ताणलेलं आणि मजबूत असतं, तसा. बाळाला न्हाऊ घालताना, जावळ पुसताना, टोपरं घालताना टाळूला हात लागला तर काही होत नाही. फक्त दाबायचं नाही, ठोकायचं नाही, बोट खुपसायचं नाही.

मग काय, आजीनं ताईचे हात साबणानं धुवायला लावले. ताईनं एक बोट अलगद टेकवलं. आणि तिचे डोळे हे एवढे मोठे झाले!

"आजी, माझ्या बोटाला टकटक करतंय!"

डोक्यावरची खिडकी

बाळाला बोलता येत नाही. तहान लागली, ताप आला, पोट बिघडलं, तरी उत्तर एकच. ट्यँहा! मग डॉक्टर कसं ओळखतात?

ते टाळूला विचारतात!

बाळ शांत असताना, त्याला उभं धरून डॉक्टर टाळूवरून बोट फिरवतात. सपाट किंवा अगदी किंचित खोलगट असेल तर छान. पण जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातलं पाणी खूप कमी झालं, तर टाळू आत खोल जाते. बिनपाण्याच्या कुंडीतली माती कशी खाली बसते, तशी! हा इशारा असतो, "मला लवकर दवाखान्यात न्या!"

बाळ जोरजोरात रडतं तेव्हा टाळू फुगते. त्याला घाबरायचं नाही. रडणं थांबलं की ती खाली बसते. पण बाळ शांत असतानाही टाळू टम्म फुगलेली राहिली, सोबत ताप असला, बाळ मलूल असलं, तर? तर एक क्षणही थांबायचं नाही. लगेच डॉक्टरकडे! असं दिसलं तर तूसुद्धा घरातल्या मोठ्यांना सांगायचं. लहान आहेस म्हणून गप्प बसायचं नाही.

आणि हे तर कमालच! डॉक्टरांना या खिडकीतून बाळाचा मेंदूसुद्धा बघता येतो! सोनोग्राफीचं यंत्र आवाजाच्या लहरी आत पाठवतं. आपल्याला ऐकूही येत नाहीत अशा लहरी. कडक हाड त्यांना अडवतं. पण टाळूला हाडच नाही! त्यामुळे यंत्राचं टोक टाळूवर ठेवलं की लहरी आत जातात, परत येतात आणि पडद्यावर मेंदूचं चित्र उमटतं. ना सुई, ना दुखणं! फार लवकर जन्मलेल्या नाजूक बाळांसाठी ही तपासणी मोठ्या उपयोगाची असते.

सातचा पाढा म्हणणारी ताई

बाळाची तब्येत बघायला घरी आणखी एक ताई येते, गावातली आरोग्य कार्यकर्ती. आशाताई! ती कोणकोणत्या दिवशी येते, ते बघ. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

काही लक्षात आलं? ३ सोडला तर हा सातचा पाढा आहे! फक्त ३५ गाळलाय!

आशाताई बाळाचं वजन करते, ताप बघते, घड्याळ लावून श्वास मोजते, आईची विचारपूस करते. देशभर आशाताईंच्या या भेटी २०११ साली सुरू झाल्या. आणि त्यामागची वाट कुणी दाखवली, माहितेय? आपल्या महाराष्ट्रानं! गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्यामुळे कितीतरी बाळं वाचली. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं!

टाळू भरते कशी?

आजी रोज बाळाच्या टाळूवर खोबरेल तेलाचं बोट फिरवते. ताईला वाटलं, टाळू तेलानंच भरत असणार.

तेलाच्या हलक्या हातानं बाळाला छान वाटतं, झोप लागते. पण टाळू भरते हाडानं!

आई तव्यावर घावन घालते, ते बघितलंस? आधी कडेनं गोल पीठ ओतते, मग आत आत येते. मधली जागा लहान होत जाते आणि शेवटी भरून जाते. टाळूचंही तसंच. चारी बाजूंच्या हाडांच्या कडा रोज थोड्या थोड्या पुढे सरकतात.

मागची समोशासारखी जागा दोन-तीन महिन्यांतच भरते. पुढची शंकरपाळी मात्र सावकाश, बहुतेक बाळांची १२ ते १८ महिन्यांत. काहींना दोन वर्षंही लागतात. चिंपांझीच्या पिल्लाची टाळू आपल्यापेक्षा कितीतरी लवकर भरते. माणसाच्या बाळाला मात्र वेळ लागतो, कारण त्याच्या मेंदूला अजून खूप वाढायचं असतं!

टाळू भरली म्हणजे डोक्याची वाढ संपली का? छे! शिवणींच्या रेषा पुढेही कितीतरी वर्षं असतात. त्या कशा दिसतात, ते आत्ता बघ. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफ. दिसली नागमोडी रेष? कवटीची शिवण अशीच दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेत कवटीचा नमुना असेल, तर बाईंना विचारून नीट बघ.

आता एक कोडं. जन्मलेल्या बाळाच्या अंगात साधारण ३०० हाडं असतात. मोठ्या माणसाच्या अंगात २०६. मग उरलेली हाडं गेली कुठे?

कुठेच नाही! ती एकमेकांना जोडली गेली. तुझ्या कपाळाची जोडली गेली, तशीच!

जाता जाता जीभ वर लाव!

तोंडाचं छत लागलं? गंमत म्हणजे मराठीत त्यालाही टाळूच म्हणतात! व्याकरणाच्या तासाला 'तालव्य' वर्ण शिकलास का? ते 'तालू'वरूनच आलेत. तालू म्हणजे टाळू. तोंडाचं छत ती एक टाळू, डोक्याचं छत ती दुसरी!

तर दोस्ता, आता तुझं काम. शिंप्याची टेप घे. भुवयांच्या जरा वरून, मागचा उंचवटा धरून, आधी स्वतःच्या डोक्याचा घेर मोज. बहुतेक पन्नासच्या पुढे येईल. मग तुझ्या घरी किंवा शेजारी छोटं बाळ असेल, तर त्याच्या आईला विचार, हात स्वच्छ धू आणि तिच्या मदतीनं बाळाच्या डोक्याचा घेर मोज. आकडा वहीत लिहून ठेव. तारीख विसरू नकोस! दर महिन्याला एकदा मोज आणि शेवटचं माप बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला घे.

कुंभिवलीच्या ताईनं वहीचं पहिलं पान लिहूनसुद्धा टाकलंय. तुझं पान कधी लिहितोस, कधी लिहितेस?